घरची वीज, नाक्यावरची वीज

विजेच्या मोटारी पहिल्यांदा भाड्याने धावू लागल्या तेव्हा त्या घरी चार्ज करण्याचा प्रश्नच नव्हता. ऑगस्ट १८९७ मध्ये वॉल्टर बर्सी या इंजिनिअरने आखलेल्या विजेच्या टॅक्सी लंडनच्या रस्त्यांवर उतरल्या. मुंबईकराला ओळखीचा वाटेल असाच त्यांचा रंग होता, काळा आणि पिवळा. चालताना होणाऱ्या गुणगुणाटामुळे लोक त्यांना 'हमिंगबर्ड' म्हणत. एका चार्जिंगवर सुमारे पन्नास किलोमीटर पळून ही गाडी लॅम्बेथ भागातल्या कंपनीच्या तळावर परते. तिथे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने तिची बॅटरी उतरवली जाई, भरलेली दुसरी बसवली जाई आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर येई. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मॉरिस आणि सॅलम या जोडीच्या विजेच्या टॅक्सी सुरू झाल्या. त्यांचा पुढचा मोठा तळ ब्रॉडवेवरच्या जुन्या स्केटिंगच्या मैदानाच्या इमारतीत होता. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाच्या बॅटऱ्या तिथे यंत्राच्या साहाय्याने आत-बाहेर होत.

या दोन्ही ठिकाणी ग्राहकाला वीज विकली जात नव्हती, फेरी विकली जात होती. प्रवासी देई त्या भाड्यातच वीज, बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांची झीज, भरीव रबरी टायर, यंत्रे आणि शहराच्या मध्यवर्ती भागातली महागडी जागा या सगळ्याचा खर्च असे. त्यात विजेचा वाटा लहानच होता. पट्ट्या आणि टायर यांनीच धंद्याचे कंबरडे मोडले. लंडनची कंपनी १८९९ मध्ये बंद पडली. सार्वजनिक चार्जिंगच्या हिशेबात वीज हा सर्वांत मोठा आकडा नसतो, हे त्या धंद्याला तेव्हाच कळून चुकले होते.

विजेची खासगी मोटार ठेवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता. १९०० च्या अमेरिकी जनगणनेत वर्षभरात तयार झालेल्या मोटारींची नोंद ४,१९२ अशी आहे. त्यांतल्या १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. विजेची गाडी घेणारे बहुतेक शहरातले डॉक्टर आणि सधन घरांतल्या बायका. गाडीला हँडल मारावे लागत नाही, धूर नाही, वास नाही, हे तिचे मुख्य गुण. पण रात्री ती चार्ज कुठे करायची?

उत्तर सोपे नव्हते, कारण बॅटरीला एकदिश प्रवाहच लागतो. एडिसनच्या पद्धतीची एकदिश वीज शहरांच्या मध्यवर्ती भागात होती. उपनगरांत, जिथे बंगले होते, मागे घोड्यांचे तबेले होते आणि मोटार ठेवायला ऐसपैस जागा होती, तिथे मात्र प्रत्यावर्ती वीज पोचत होती. म्हणजे जागा एकीकडे आणि उपयोगी पडणारी वीज दुसरीकडे. घरी मोटर आणि जनित्र जोडलेला संच बसवून प्रवाह बदलून घेता येई. पण तो संच महाग असे, त्याचा आवाज मोठा आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला जाणकार माणूस लागे. घरी मोटारीसाठी यंत्रज्ञ ठेवण्याची ऐपत ज्यांची होती त्यांनाच ते परवडे.

बाकीच्यांनी गाडी गॅरेजात ठेवली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत खास विजेच्या गाड्यांची गॅरेजे निघाली आणि त्यांची पद्धत घोड्यांच्या तबेल्यावरून जशीच्या तशी उचललेली होती. महिन्याला ठोक रक्कम द्यायची. गाडी रात्री तिथे राहणार, धुतली-पुसली जाणार, बॅटरीत पाणी घातले जाणार, चार्जिंग होणार आणि सकाळी नोकर ती घराच्या दारात आणून उभी करणार. खाणावळीतल्या मेंबरासारखाच हा करार. ताटात भात किती वाढला याचा हिशेब कोणी ठेवत नाही, महिन्याचे पैसे ठरलेले असतात.

या ठोक रकमेत एक मेख होती. बॅटरी गाडीमालकाची आणि वीज गॅरेजवाल्याची. बॅटरी हळूहळू, शेवटी प्रवाह कमी करत नेऊन भरली तर जास्त वर्षे टिकते. गॅरेजात रात्री पन्नास गाड्या रांगेत उभ्या असताना ही नजाकत सांभाळायला वेळ कोणाला? घाईने भरलेल्या, प्रमाणाबाहेर तापलेल्या बॅटऱ्या अकाली निकामी होत आणि तो भुर्दंड गाडीमालकावर पडे. गॅरेजच्या बिलात तो कुठेच दिसत नसे. घरचे आणि बाहेरचे चार्जिंग यांची तुलना नुसत्या दरावरून करणे तेव्हापासूनच फसवे आहे.

रस्त्यावर वीज विकण्याची कल्पनाही याच काळातली. १९०० च्या आसपास जनरल इलेक्ट्रिक कंपनीने फूटपाथच्या कडेला उभे करायचे एक यंत्र आखले. त्याचा आकार आग विझवण्याच्या पाण्याच्या खांबासारखा होता म्हणून त्याला 'इलेक्ट्रंट' म्हटले गेले. पाव डॉलरचे नाणे टाकायचे, तार जोडायची आणि ठरावीक वीज घ्यायची. आजच्या चार्जरपेक्षा त्यात एकच गोष्ट कमी होती, मोबाइलवरचे ॲप. ते यंत्र रस्तोरस्ती कधी उभे राहिले नाही. रस्त्यात तासन्‌तास थांबून बॅटरी भरण्याइतका रिकामा वेळ गाडीवाल्याकडे नव्हता आणि तुरळक गिऱ्हाइकांसाठी जमिनीखालून केबल टाकणे वीज कंपनीला परवडत नव्हते.

घरच्या चार्जिंगचा रस्ता एका काचेच्या फुग्याने मोकळा केला. पीटर कूपर ह्यूइट या अमेरिकी संशोधकाने १९०२ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे उपकरण तयार केले आणि पुढच्या काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिकने ते घरगुती गॅरेजांसाठी विकायला आणले. भिंतीलगत संगमरवरी किंवा स्लेटचा एक फलक, त्यावर दोन मीटर आणि खटके, आणि मागे हात-पाय फुटल्यासारखा दिसणारा काचेचा मोठा फुगा. त्याच्या तळाशी पारा. सुरू करताना फुगा किंचित कलला की पारा शेजारच्या नळीतल्या पाऱ्याला टेकतो, परत मागे येतो, मध्ये ठिणगी पडते आणि सगळा फुगा निळसर-जांभळ्या उजेडाने भरून जातो. त्यात फिरणारा भाग नव्हता, वंगण लागत नव्हते, माणूस उभा राहायची गरज नव्हती. काच फुटणार नाही एवढी काळजी घेतली की झाले. उपनगरातल्या प्रत्यावर्ती विजेवर बॅटरी भरण्याची सोय आता तबेल्याच्या जागी बांधलेल्या गॅरेजात झाली.

डेट्रॉइट इलेक्ट्रिक या १९०७ साली बाजारात आलेल्या गाडीची सगळी जाहिरात या घरगुती सोयीवर उभी होती. एका चार्जिंगवर तिला सुमारे १३० किलोमीटरचा पल्ला सांगितला जाई. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा फोर्ड १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत असे. पेट्रोलच्या मोटारी लाखांनी विकणाऱ्याच्या घरात रोज रात्री विजेची गाडी तारेला लागत होती, ही गोष्ट इतिहासकार चवीने सांगतात ते उगाच नाही.

घरची वीज स्वस्त का पडावी, याचे कारण मात्र गॅरेजात सापडत नाही, ते वीजघरात सापडते. १८९२ मध्ये जॉन हॉपकिन्सन या इंग्लिश अभियंत्याने वीजपुरवठ्याच्या खर्चाची फोड करून दाखवली. वीज कंपनीचा बराचसा खर्च विजेच्या वापरावर अवलंबून नसतो, तो तयारीत राहण्याचा असतो. ग्राहक एकदम जास्तीत जास्त जेवढी वीज मागेल तेवढी यंत्रे, तारा आणि माणसे सज्ज ठेवावीच लागतात, मग तो ती तासभर वापरो की दिवसभर. मंगल कार्यालयाचे असेच असते. मांडव, भांडी, आचारी हे सगळे मुहूर्ताच्या गर्दीच्या हिशेबाने ठेवावे लागते आणि खर्च वर्षभर चालू राहतो. रिकाम्या दिवशी कोणी साखरपुडा ठेवला तर मालक निम्म्या भाड्यातही हॉल देतो. त्याला त्यात तोटा नाही.

हॉपकिन्सनचा हा विचार आर्थर राइट याने इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात मीटरमध्ये उतरवला. ग्राहकाने एकूण किती युनिटे वापरली याच्या जोडीला एकाच वेळी जास्तीत जास्त किती मागणी केली हेही तो मीटर नोंदवी. एडिसनचा एकेकाळचा चिटणीस आणि पुढे शिकागोच्या वीज कंपनीचा सर्वेसर्वा झालेला सॅम्युएल इन्सल १८९४ मध्ये ब्रायटनला गेला असताना त्याने ही पद्धत पाहिली आणि अमेरिकेत नेली. आज कारखान्यांच्या बिलात 'मागणी आकार' आणि घरच्या बिलात 'स्थिर आकार' म्हणून जी रक्कम दिसते तिचे मूळ या हिशेबात आहे.

इन्सलच्या वीजघरावर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी सगळ्यांत जास्त बोजा येई. कारखान्यांची शेवटची पाळी, ट्राममधून घरी परतणारी गर्दी आणि घराघरातले दिवे, सगळे एकदमच. रात्री दहानंतर हीच यंत्रे जवळजवळ रिकामी फिरत. अशा वेळी कोणी वीज मागितली तर कंपनीला लागणार फक्त जास्तीचा कोळसा. विजेची मोटार म्हणजे या पोकळीसाठी चालून आलेले गिऱ्हाईक होते. ती दिवसा रस्त्यावर असते आणि रात्री गप उभी असते. म्हणूनच वीज कंपन्यांनी १९१० मध्ये अमेरिकेत विजेच्या वाहनांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला आणि रात्रीच्या चार्जिंगला दिव्यांच्या दरापेक्षा कितीतरी कमी दर देऊ केले. अट एकच होती, गाडी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तारेला लावायची नाही.

घरचे चार्जिंग स्वस्त पडले ते असे. त्याला ठिकाणाचे कारण म्हणण्यापेक्षा घड्याळाचे कारण म्हणणे बरोबर होईल. शहराच्या मध्यभागी दिवसा बॅटरी भरणाऱ्याला ती सवलत नव्हती. शिवाय घरी जागेचे भाडे नाही, पगारी माणूस नाही. गाडीमालक स्वतःच तार लावतो आणि स्वतःच्या श्रमाचे पैसे कधी हिशेबात धरत नाही.

या सगळ्यात वेगळा प्रयोग झाला तो कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात. तिथल्या वीज कंपनीने १९१० च्या सुमारास विजेच्या मालमोटारी बॅटरीशिवाय विकल्या जाव्यात अशी व्यवस्था केली. गाडी गिऱ्हाइकाची, बॅटरी कंपनीची. गिऱ्हाईक दरमहा ठरावीक रक्कम देई आणि वर जितके मैल धावेल तितक्या मैलांचे पैसे. त्यामुळे बॅटरीच्या आयुष्याची जबाबदारी, ती भरण्याची जबाबदारी आणि वीज हे तिन्ही एकाच हातात आले आणि गॅरेजच्या ठोक रकमेतली मेख निघून गेली. १९२४ पर्यंत चाललेल्या या सेवेत गाड्यांनी साठ लाखांहून अधिक मैल कापले. हिशेबाच्या दृष्टीने त्या काळातली ही सर्वांत प्रामाणिक पद्धत म्हणावी लागेल, कारण तिने युनिटाचा भाव न सांगता मैलाचा भाव सांगितला.

तरीही ती बुडाली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवर सुरू होणारे इंजिन आले आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. फोर्डच्या गाडीची किंमत वर्षागणिक उतरत गेली, पेट्रोल गावोगावी मिळू लागले. विजेची मोटार गेली आणि तिच्याबरोबर तिची गॅरेजे, पाऱ्याचे फुगे आणि रात्रीचे खास दरही गेले.

इंग्लंडमध्ये मात्र एक वाहन टिकून राहिले, दूधवाल्याची गाडी. पहाटे दारोदार थांबत जायचे, एकूण अंतर थोडे, आवाज नको, आणि दुपारनंतर डेअरीच्या तळावर रात्रभर उभे राहायचे. या कामाला बॅटरीइतके सोयीचे दुसरे काही नव्हते. तळावर एकगठ्ठा रात्रीची वीज मिळत असल्याने खर्चही बेताचा राही. तिथल्या घरांना रात्रीची स्वस्त वीज १९७८ पासून 'इकॉनॉमी सेव्हन' या नावाने मिळू लागली. रात्रीचे सात तास दर कमी. ही सवलत विटा तापवून दिवसभर ऊब देणाऱ्या हीटरांसाठी होती. मोटारीचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हता. चाळीस वर्षांनी विजेच्या मोटारी परत आल्या तेव्हा त्यांना ही तयार चौकट मिळाली आणि वीज पुरवठादारांनी रात्रीच्या चार-पाच तासांचे आणखी स्वस्त, खास मोटारींसाठीचे दर काढले.

परिणाम टोकाचा झाला. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये रात्रीचा खास दर युनिटला आठ पेन्सच्या आसपास होता आणि वेगवान सार्वजनिक चार्जरवर सत्तर ते ऐंशी पेन्स मोजावे लागत होते. एकाच देशात, एकाच गाडीत भरलेल्या एकाच युनिटाला जवळपास दहापट फरक. त्यात कराचीही भर होती. घरच्या विजेवर मूल्यवर्धित कर ५ टक्के, सार्वजनिक चार्जिंगवर २०. ज्याला घरापुढे गाडी लावायला स्वतःची जागा आहे त्याला स्वस्त वीज आणि कमी कर, आणि रस्त्यावर गाडी लावणाऱ्या भाडेकरूला महाग वीज आणि जास्त कर. तिथे लोक याला 'फूटपाथ कर' म्हणतात, आणि नाव चपखल आहे.

सार्वजनिक चार्जिंग मधल्या काही वर्षांत चक्क फुकटही होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात २००६ पासून रस्त्यालगत चार्जिंगचे खांब उभे राहू लागले. टेस्ला कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेत वेगवान चार्जरांचे जाळे सुरू केले तेव्हा तिथली वीज गाडीच्या किमतीतच धरलेली होती. ही अमर्याद फुकट सोय २०१७ पासून नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. फुकटपणामुळे एक अडचण दिसली, घरी स्वस्तात चार्जिंग करता येणारे लोकही रांगेत येऊन उभे राहू लागले. पैसे घ्यायचे ठरले तेव्हा वेगळाच पेच पडला. अमेरिकेच्या अनेक राज्यांत युनिटावर वीज विकण्याचा हक्क फक्त सरकारी नियंत्रणाखालच्या वीज कंपन्यांना होता. म्हणून चार्जरवाल्यांनी मिनिटांवर पैसे घेतले. ज्याची बॅटरी सावकाश वीज घेते त्याला त्याच विजेचे जास्त पैसे पडू लागले.

हाच पेच भारतात आला तेव्हा तो शब्दांच्या कसरतीने सुटला. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय वीज विकता येत नाही. १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की, चार्जिंग ही वीजविक्री नव्हे, ती सेवा आहे, कारण विजेचे रूपांतर बॅटरीतल्या रासायनिक ऊर्जेत होते. रसायनशास्त्राचा एवढा मोठा आर्थिक उपयोग क्वचितच झाला असेल. या खुलाशामुळे कोणालाही चार्जिंग केंद्र काढता येऊ लागले. पण सेवा म्हटल्यावर सेवेचा करही आला. घरच्या विजेवर जीएसटी नाही, राज्याचे वीज शुल्क आहे. सार्वजनिक केंद्रावरच्या चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. ब्रिटनचा फूटपाथ कर इथे वेगळ्या नावाने हजर आहे.

त्याआधीची भारतातली विजेची मोटार म्हणजे बंगळूरची रेवा. २००१ साली ती बाजारात आली तेव्हा सार्वजनिक चार्जर नावाची वस्तूच देशात नव्हती. गीझरला असतो तसा १५ अँपिअरचा प्लग एवढीच तिची गरज आणि सुमारे आठ तासांत बॅटरी पूर्ण. म्हणून ती घेणारा बहुधा स्वतंत्र बंगल्यात राहणारा असे. मुंबईसारख्या शहरात, जिथे गाडी इमारतीच्या आवारात आणि मीटर जिन्याखाली, तिथे चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची कशी, हा प्रश्न विजेच्या दराच्या आधी येई. आजही सोसायटीच्या सभेत वाद होतो तो यावरूनच.

मुंबईतले टाटा पॉवरचे पहिले चार्जिंग केंद्र ऑगस्ट २०१७ मध्ये विक्रोळीत सुरू झाले. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज देणाऱ्या कंपनीचाच हा पुढचा वारसा. सप्टेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी केली आणि युनिटला सहा रुपये दर ठरवला. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत त्यावर दीड रुपयाची सूट होती. इन्सलचे रात्रीचे गणित शंभर वर्षांनी महाराष्ट्राच्या दरपत्रकात उतरले ते असे. स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज करणाऱ्याला मात्र घरगुती दरच लागू राहिला, आणि महाराष्ट्रातल्या तुलनेची खरी गंमत इथेच आहे.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घरचा दर घड्याळावर हलतो. महाराष्ट्रात तो वापरावर चढतो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. २०२४-२५ मध्ये वीज आकाराचे हे दर अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होते. प्रत्येक युनिटावर १.१७ रुपये वहन आकार वेगळा आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. ही रचना गरिबाचा दिवा स्वस्त राहावा म्हणून केलेली आहे आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. पण तिच्यात मोटार घातली की काय होते ते बिल समोर ठेवून पाहण्यासारखे आहे.

समजा, एका कुटुंबाचा महिन्याचा वापर १५० युनिटे आहे. त्यांनी विजेची मोटार घेतली. महिन्याला १,४०० किलोमीटर धावणाऱ्या आणि युनिटाला सात किलोमीटर देणाऱ्या गाडीला २०० युनिटे लागतील. पहिल्या स्वस्त टप्प्यातली १०० युनिटे घरातल्या पंख्यांनी आणि फ्रिजने आधीच संपवलेली असतात, त्यामुळे मोटारीच्या वाट्याला त्यातले एकही येत नाही. तिची १५० युनिटे दुसऱ्या टप्प्यात पडतात, ११.४६ रुपयांनी १,७१९ रुपये. उरलेली ५० तिसऱ्या टप्प्यात, १५.७२ रुपयांनी ७८६ रुपये. एकूण २,५०५ आणि वीज शुल्क धरून सुमारे २,९०६ रुपये. म्हणजे मोटारीचे युनिट साडेचौदा रुपयांना पडले. इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही. मे महिन्यात एसी लावणाऱ्या आणि आधीच ३०० युनिटांवर असलेल्या घरात हीच २०० युनिटे पूर्णपणे तिसऱ्या टप्प्यात जातात आणि प्रत्येक युनिट सव्वाअठरा रुपयांवर पोचते.

शहरातल्या वेगवान सार्वजनिक चार्जरवर याच सुमारास वीस रुपयांच्या आसपास आणि जीएसटी धरून तेवीस-चोवीस रुपये पडत. घर स्वस्तच, पण ब्रिटनसारखे दहापट नाही. उन्हाळ्यातल्या एसीच्या घरात तर फरक पाच-सहा रुपयांवर येतो. घरच्या चार्जिंगला चार आणे आणि बाहेरच्याला बारा आणे असे सरसकट सांगणारा माणूस बिलाची मागची बाजू वाचत नसावा, असेच म्हणावे लागते. ज्याला वेगळी जोडणी घेता येते त्याची गोष्ट निराळी. २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय झाली. चार्जिंगच्या वर्गवारीत टप्पे नाहीत, त्यामुळे चढत्या दराचा चटका बसत नाही. जास्त वापराच्या घराने हा मीटर घेणे शहाणपणाचे आहे.

सार्वजनिक केंद्र चालवणाऱ्याचा हिशेबही ऐकायला हवा. त्याला वीज युनिटाच्या भावाने मिळते, पण खर्च महिन्याच्या भावाने येतो. जागेचे भाडे, ट्रान्सफॉर्मर, यंत्राचे कर्ज, बिघडले की येणारा मेकॅनिक. समजा, हा सगळा खर्च महिन्याला साठ हजार रुपये धरला. चार्जरवर दिवसाला ५० युनिटे गेली तर महिन्याची १,५०० युनिटे होतात आणि प्रत्येक युनिटावर वीज सोडून ४० रुपये बसतात. दिवसाला ३०० युनिटे गेली तर तेच ओझे पावणेसात रुपयांच्या आत येते. विजेचा दर दोन रुपयांनी उतरवला तरी रिकामा चार्जर स्वस्त होत नाही, गर्दीचा चार्जर आपोआप स्वस्त होतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ मध्ये सार्वजनिक तेल कंपन्यांना पेट्रोल पंपांवर ७,४३२ चार्जिंग केंद्रे उभारण्यासाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. भांडवलाचा भार सरकारने उचलल्याशिवाय सुरुवातीची रिकामी वर्षे ढकलणे कोणालाच शक्य नव्हते.

जुन्या गणिताला आता शेवटचा तडा घड्याळाकडूनच गेला आहे. इन्सलच्या काळात रिकामी यंत्रे रात्री फिरत, म्हणून रात्र स्वस्त. सौरऊर्जेमुळे भारतात वीज भरपूर होते ती दुपारी. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सार्वजनिक चार्जिंगच्या पुरवठ्यासाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर सुचवला. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटामागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. नोकरदाराची गाडी त्या वेळी घरी नसते, ऑफिसच्या तळघरात उभी असते.